आदिमानव भटकत का होता, आणि आपल्याला त्याचा एवढा राग का?

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.)

मागच्या आठवड्यात बाजारतळामागची पालं उठवली. मी चार ओळींची बातमी दिली होती, तेवढीच लागली. पण तिचं कात्रण गावातल्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरलं आणि खाली जी चर्चा झाली ती वाचून हे लिहायला बसलोय. एका गृहस्थांनी लिहिलं, "आदिमानवासारखं अजून किती दिवस भटकणार?" त्याला भराभर अंगठे पडले. दुसऱ्याने भर घातली, "शेती यायच्या आधी सगळेच असे होते. अक्कल आली तसा माणूस घर बांधून राहिला."

पालं उठवणं बरोबर की चूक, ते आज बाजूला ठेवतो. मला त्या दुसऱ्या वाक्याबद्दल बोलायचंय. ते वाक्य एकट्या त्या माणसाचं नाही. शाळेत एका गुणाला आपण सगळ्यांनीच ते लिहिलंय: आदिमानव भटके जीवन जगत होता, कारण त्याला शेतीचे ज्ञान नव्हते. म्हणजे भटकणारा अडाणी आणि स्थिरावलेला शहाणा, हे आपण चौथी-पाचवीतच शिकून मोकळे होतो. पुढे तलाठी होवो, पत्रकार होवो नाहीतर नगरसेवक, ते डोक्यातून जात नाही.

आधी हिशोब बघा. आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर येऊन साधारण तीन लाख वर्षं झाली. मोरोक्कोत जेबेल इरहूद नावाच्या ठिकाणी तेवढे जुने अवशेष सापडलेत. शेती सुरू झाली पश्चिम आशियात, अकरा-बारा हजार वर्षांपूर्वी. म्हणजे शंभरातली छप्पन्न नव्हे, नव्वद नव्हे, पंच्याण्णवच्या वर वर्षं माणसाने शिकार करून, कंद खणून, फळं-बिया-मध गोळा करून काढली. अडाणीपणावर एखादी जात तीन लाख वर्षं टिकत नाही, आणि आफ्रिकेतून निघून ऑस्ट्रेलियापर्यंत पोचत तर मुळीच नाही.

मग भटकत का होता? हे समजायला लांब जायची गरज नाही. दिवाळीनंतर आपल्या रस्त्याने मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरणारे धनगर बघा. वाडा एका रानात बसतो. पहिल्या दिवशी मेंढरं वाड्याशेजारीच चरतात. चार दिवसांनी अर्धा कोस, आठ दिवसांनी दीड कोस. चारा संपलेला नसतो, लांब गेलेला असतो. रोज जाऊन-येऊन मेंढरांचे जे पाय मोडतात, त्यापेक्षा वाडाच पुढे हलवणं स्वस्त पडतं. धनगर काही शिकारी माणूस नव्हे, त्याची जनावरं पाळीव आहेत, पण गणित हेच.

शिकार-संकलन करणाऱ्या टोळ्यांचं मानवशास्त्रज्ञांनी जे निरीक्षण केलंय त्यातही हेच दिसतं. मुक्काम टाकला की आसपासचे कंद, फळं, ससे, सरडे आधी संपतात. मग रोजची चाल वाढते. एका टप्प्याला म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया यांना ती चाल परवडत नाही, आणि टोळी उठते. लक्षात घ्या, अन्न संपल्यावर नाही, संपायच्या आधी. कुठल्या झाडाला कधी फळ येतं, कुठल्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी राहतं, कुठल्या वाटेने हरणं जातात, हा सगळा नकाशा डोक्यात असल्याशिवाय हे जमत नाही. पायाला भिंगरी लागली म्हणून कुणी भटकत नव्हतं.

आणि हलवायचं म्हणजे सगळं पाठीवर. बैल नाही, गाढव नाही, चाक तर फार पुढची गोष्ट. म्हणून सामान कमी. आपण त्याला गरिबी म्हणतो. दुसरं जातं उचलून न्यायचं असेल तर तुम्हीही एकावरच भागवाल.

याचा सगळ्यात जास्त भार कुणावर होता? बायकांवर. रिचर्ड ली नावाचे मानवशास्त्रज्ञ १९६३ पासून बोट्स्वानामधल्या डोबे भागात सान लोकांमध्ये राहिले. त्यांनी बायकांच्या चालीचा हिशोब मांडला. एक बाई वर्षाला साधारण २,४०० किलोमीटर चालायची, आणि मूल चार वर्षांचं होईपर्यंत त्याला अंगावर घेऊन एकूण सुमारे ७,८०० किलोमीटर. वरून गोळा केलेल्या अन्नाचं ओझं वेगळंच. दोन पोरं एकाच वेळी कडेवर घेऊन हे होणं शक्य नाही. तिथे दोन मुलांमध्ये चारेक वर्षांचं अंतर असायचं. मूल तीन-चार वर्षं अंगावर पीत असल्यामुळे ते आपोआपही पडायचं. टोळ्या लहान का राहिल्या, याचं बरंचसं उत्तर या आकड्यात आहे.

लींचा दुसरा आकडा जास्त गाजला. ही माणसं अन्न मिळवण्यासाठी आठवड्याला सरासरी अडीच दिवससुद्धा काम करत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. उरलेला वेळ गप्पा, पाहुणे, नाच. त्यावरून मार्शल साहलिन्स यांनी १९६६ साली शिकागोच्या एका परिषदेत मांडलं की हाच मूळचा सुखवस्तू समाज, कारण गरजा कमी आणि त्या भागवायला वेळ भरपूर. हा मुद्दा आजही सोशल मीडियावर फिरत असतो, ऑफिसला कंटाळलेली मंडळी तो आवडीने शेअर करतात. पण त्यात लबाडी नको. त्या अडीच दिवसांत मोंगोंगोची टणक फळं फोडणं, सरपण, पाणी, हत्यारांची डागडुजी धरलेली नव्हती. ती धरली की काम आठवड्याला चाळीस तासांच्या वर जातं. आणि सुखवस्तू म्हणताना आणखी एक गोष्ट विसरायची नाही. अशा समाजांत शंभरातली चाळीसेक मुलं पंधरा वर्षांची व्हायच्या आत जायची. ज्या आईचं मूल गेलं तिला गप्पा-नाचाचं कौतुक सांगून काय उपयोग. तो सुवर्णकाळ होता असं मला अजिबात म्हणायचं नाही.

अन्नाशिवाय भटकण्याची आणखी कारणं होती, आणि मला स्वतःला तीच जास्त पटतात. एक म्हणजे भांडण. पंचवीस-तीस माणसांच्या मुक्कामात पोलीस नाही, पंच नाही, कोर्ट नाही. दोघांचं फाटलं की एक जण आपलं कुटुंब घेऊन दुसऱ्या टोळीतल्या मेव्हण्याकडे निघून जातो. विषय संपला. आपल्याकडे बांधाच्या दोन फुटांवरून तीन पिढ्या तारखा चालतात, कारण कुणाला उठून जाता येत नाही. तालुका कोर्टात ज्यांनी माझ्यासारखी बातम्यांसाठी हजेरी लावलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरं, घाण. एका जागी महिनोन्‌महिने राहिलं की हाडं, विष्ठा, माशा, उवा-पिसवा हे सगळं साठतं. उठून जाणं हीच त्यांची नगरपालिका.

आणि तिसरं, नाती. मोठी शिकार मिळाली तर उष्ण हवेत ते मांस टिकणार किती? ते शेजाऱ्याच्या पोटात साठवायचं, म्हणजे उद्या त्याला मिळालं की आपल्या पोटात येतं. लांबच्या टोळ्यांशीही असाच व्यवहार. कलाहारीतले सान लोक शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी करतात आणि दूरच्या सोयऱ्यांना भेट देतात. देणं-घेणं वर्षानुवर्षं चालतं. आपल्याकडे दुष्काळ पडला की त्या सोयऱ्याच्या पाण्यावर जाऊन राहायचा हक्क या देण्यातूनच येतो. भेटायला जात राहिलं तरच तो हक्क टिकतो. आपली शिदोरी, सुगीतलं वाण, भाऊबीज यामागेही थोडंफार हेच आहे, नाही का?

शहामृगाच्या मण्यांवरून आठवलं. आपल्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे म्हणून गाव आहे. तिथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडलेत, साधारण पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे. खानदेशात शहामृग! तेव्हाचं रान वेगळं, हवा वेगळी. कोकणात राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर जी कातळशिल्पं आहेत त्यांतही हत्ती आहेत, गेंडे आहेत. नांगर कुठे दिसत नाही. हे लोक आपलेच पूर्वज होते की नव्हते हा वाद ज्याला घालायचा त्याने घालावा, पण या जमिनीवर ते आपल्या फार आधी राहिले.

आता मुख्य प्रश्न. एवढे शहाणे होते तर शेती का केली नाही? बी पेरलं की उगवतं हे माहीत नव्हतं का? रोज कंद खणणाऱ्या बाईला हे माहीत नसेल हे मानायलाच मी तयार नाही. ऑस्ट्रेलियातले आदिवासी कंद काढताना वरचा शेंडा परत मातीत पुरत, म्हणजे पुढच्या वर्षी तिथे पुन्हा कंद. ज्ञान होतं. अडचण हवेची होती. हिमयुगाचा काळ नुसता थंड नव्हता, तो लहरी होता. ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांवरून कळतं की काही दशकांत तापमान कित्येक अंशांनी वर-खाली व्हायचं. हवेत कार्बन डायऑक्साइडही कमी, त्यामुळे पीक जोमाने वाढायचंही अवघड. अशा हवेत एका जागी, एका पिकावर पोट ठेवणं म्हणजे आत्महत्याच. आपल्याकडे एक मोसम चुकला तर काय होतं ते आपण बघतोच. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी हवा स्थिरावली आणि मग पुढच्या काही हजार वर्षांत जगात ठिकठिकाणी शेतीला हात घातला गेला. अक्कल तेव्हा अचानक आली नाही. पाऊस भरवशाचा झाला.

आणि सगळे भटकत होते असंही नाही! जपानात जोमोन काळातले लोक शेती न करता, मासे-कवचाचे प्राणी-अक्रोड-चेस्टनट खाऊन घरं बांधून राहिले. मातीची भांडी त्यांची जगातल्या सगळ्यात जुन्या भांड्यांपैकी. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर सामन मासा नदीत एवढा यायचा की तो वाळवून लोक लाकडी घरांच्या मोठ्या वस्त्या करून राहायचे. शेती नाहीच. पश्चिम आशियात नाटुफियन म्हणतात ते लोक शेतीच्या दोन-तीन हजार वर्षं आधीच दगडी पायांच्या घरांत राहू लागले होते, कारण रानगहू आणि हरणं हाताशी होती. जिथे अन्न पायाशी येतं तिथे माणूस बसतो. जिथे येत नाही तिथे माणूस अन्नाकडे जातो.

बसल्यावर काय झालं? वर्षाचं धान्य कोठारात आलं, हा मोठा फायदा. पोरं कडेवर घेऊन चालायचं नसल्याने दोन मुलांतलं अंतर कमी झालं, लोकसंख्या वाढली. पण कित्येक ठिकाणच्या सांगाड्यांवरून दिसतं की सुरुवातीच्या शेतकऱ्यांची उंची घटली, दात किडले, रोग वाढले. एकाच धान्यावर जेवण आलं, जनावरांसोबत राहणं आलं, गटार आलं. कोठार आलं तसा कोठाराचा राखणदार आला, आणि राखणदाराचा मालक. एकदा तोंडं वाढली की परत फिरायचा रस्ता बंद होतो. मग शेती आवडो न आवडो.

पण परत फिरल्याचंही एक उदाहरण आहे, आणि ते आमच्यापासून मोटरसायकलवर तासाभराच्या अंतरावर आहे. इनामगाव. शिरूर तालुका, घोड नदीचा काठ. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे पंधराएक वर्षं तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनपूर्व १६०० च्या सुमाराला तिथे शेतकऱ्यांचं गाव बसलं. कुडाची आयताकृती घरं, जव, मसूर, वाटाणा, पुढे नदीच्या पाण्यासाठी पाट आणि बंधारा, पाच खोल्यांचं एक मोठं घर आणि शेजारी धान्याचं कोठार. म्हणजे आपल्या पुस्तकाच्या हिशोबाने "अक्कल" पुरती आली होती. आणि मग इसवी सनपूर्व १००० नंतर ती ऐसपैस घरं जातात आणि त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. शेती आटते, मेंढ्या-शेळ्या आणि शिकारीवरचा भर वाढतो. ढवळीकरांचं म्हणणं, पाऊस कमी झाला आणि लोक अर्धभटके झाले. नंतरच्या काही अभ्यासकांना पाऊस हे एकच कारण पटत नाही, जमिनीची झीज वगैरे मुद्दे येतात. ७०० च्या सुमाराला गाव ओस.

म्हणजे गोष्ट एकाच दिशेने जात नाही. रानातून वावरात, वावरातून गावात, गावातून शहरात, अशी सरळ जिन्याची चढण नाही ती. बीड-नगरकडची ऊसतोड कामगारांची कुटुंबं दरवर्षी घराला कुलूप लावून कारखान्याच्या फडावर कोपीत राहायला जातात तेव्हा त्यांना कुणी अश्मयुगातले म्हणत नाही. बांधकाम कंपनीचा इंजिनिअर दर दोन वर्षांनी शहर बदलतो, त्याला तर आपण करिअर म्हणतो.

इनामगावची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तिथे मोठ्या माणसांना पुरताना त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असायचे. मेलेल्याचं भूत होऊन त्याने चालत निघून जाऊ नये म्हणून असावं, असा अभ्यासकांचा अंदाज. लहान मुलांना मात्र दोन मडक्यांच्या तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीतच पुरत. आता हे माझं स्वतःचं वाटणं आहे, पुरातत्त्वाचं नव्हे: स्थिरावलेल्या माणसाला चालत्या पायांची भीती फार जुनी दिसते.

ती भीती पुढे कायद्यात आली. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. नंतर तो मुंबई इलाख्यातही आला. जमातीत जन्मलं की गुन्हेगार. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला पास. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट त्यातलीच. स्वातंत्र्य मिळाल्यावर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. शिक्का गेला नाही, हे पालावर रात्री पडणारे छापे सांगतात. हे एकट्या भारतातच चालतं असं समजू नका. बोट्स्वाना सरकारने मध्य कलाहारीच्या अभयारण्यातून सान लोकांना उठवून वसाहतींत नेलं. ते कोर्टात गेले आणि डिसेंबर २००६ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ते उठवणं बेकायदा ठरवलं.

पालावरची माणसं म्हणजे जिवंत आदिमानव, असं माझं म्हणणं आहे असा अर्थ कृपया काढू नका. ती तुमच्याइतकीच आजची आहेत, त्यांच्याकडेही मोबाइल आहे. शेकडो वर्षं गावगाड्याशी त्यांचा व्यवहार चालत आलाय. पण त्यांच्या फिरण्यामागेही तसाच विचार होता. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले यांच्या शिकारीचा अभ्यास केला होता. एकाच मुलखात फिरूनही तिघांची शिकार वेगळी. पारधी फासे लावून हरणं आणि पाखरं धरणार, वैदू पाण्यातली कासवं आणि मुंगूस-रानमांजरं, नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड. कुणी कुणाच्या ताटात हात घालायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. जंगलाच्या बाजूने ते योग्यच होतं. पण पोट कशावर भरायचं ते त्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं, आणि ज्यांना भरायचं होतं त्यांना कुणी विचारलंही नाही.

गेल्या महिन्यात एका नंदीवाले आजोबांसोबत एका कचेरीत गेलो होतो. नातीच्या कॉलेजसाठी जातीचा दाखला हवाय. भटक्या-विमुक्तांच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. टेबलापलीकडच्या बाईंनी विचारलं, "बाबा, एकसष्ट साली कुठं राहत होता?" आजोबांनी बोटं मोजत सांगायला सुरुवात केली. मृगाआधी मूळ ठिकाणी सगळी भावकी एकत्र. पाऊस संपला की अमक्या गावाची जत्रा, मग तमकं गाव, सुगीत नदीपलीकडची तीन गावं, होळीला आणखी एक. एकूण बारा. कुठल्या गावात कुठल्या चावडीमागे पाल पडायचं, पाटील कोण होता, विहिरीचं पाणी कसं होतं, सगळं पाठ. त्यांच्या भावकीत ही गावं वाटून दिलेली, दुसऱ्याने तिथे जायचं नाही. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, वाईट बोलल्या नाहीत, आणि म्हणाल्या की यातलं कुठलं तरी एक लिहा आणि त्याचा कागद जोडा.

कागद शोधतोय. शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरात त्यांच्या थोरल्या भावाचं नाव असण्याची शक्यता आहे, तो काही महिने शाळेत बसला होता म्हणतात. नाहीतर कोतवाल बुकात जन्म-मृत्यूची एखादी नोंद. आजोबांच्या धाकट्या बहिणीचा जन्म जत्रेच्या मुक्कामी झाला होता, पाटलाने चावडीवर लिहून घेतलं होतं असं त्यांना पक्कं आठवतं. नदीपलीकडच्या गावांतले कुणी शिक्षक, ग्रामसेवक, जुने कोतवाल किंवा त्यांची मुलं ही पोस्ट वाचत असतील तर इनबॉक्समध्ये या. गावांची आणि कुटुंबाची नावं तिथेच देतो, इथे नको. नातीच्या प्रवेशाला तीन आठवडे राहिलेत.